मांडवीचा डॉक्टर



मुंबईला धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा उभा आहे. आपल्यापैकी अनेकजण नातेवाईकांकडे किंवा इस्पितळाच्या कामासाठी मुंबईला जातात, त्या चौकातून जातात आणि पुतळ्याखालचे नाव न वाचताच रस्ता ओलांडतात. मीही बरीच वर्षे तसेच केले. ते नाव आहे डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस. तिथून थोडे चालले की काळबादेवीजवळ कॅव्हेलचा जुना ख्रिस्ती मोहल्ला लागतो. तिथले आरोग्यमातेचे चर्च ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यालाही डॉ. व्हिएगस यांचेच नाव आहे. गोव्यातून आलेल्या एका कॅथलिक डॉक्टरचा मुंबईने एवढा मान ठेवला, त्याला कारण तसेच मोठे आहे. आणि त्या कारणाचा आपल्या चिपळूण तालुक्याशीही जवळचा संबंध आहे, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहे.

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातल्या बार्देश तालुक्यात हडफडे या गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी गोव्याची माणसे मुंबईची वाट धरत, जशी आपल्याकडची माणसे धरत. आकासियो मुंबईला सेंट झेवियर्समध्ये शिकले आणि १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून वरच्या श्रेणीत डॉक्टर झाले. हे कॉलेज १८४५ साली सुरू झाले होते, म्हणजे एतद्देशीय मुलांनी इंग्रजी वैद्यक शिकावे ही कल्पना अजून तशी नवीच होती. एवढ्या गुणांनी पास झालेल्या तरुणाला एखाद्या चांगल्या वस्तीत, सुखवस्तू रुग्णांमध्ये दवाखाना थाटता आला असता. त्यांनी मांडवीत थाटला.

मांडवी म्हणजे मशीद बंदराच्या बाजूचा भाग. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला धान्याची वखारी, मध्ये अरुंद गल्ल्या. खाली गोण्यांची थप्पी आणि वर माणसांची, अशी तिथली घरे. व्यापारी बरेचसे कच्छी आणि गुजराती, त्यांत जैन पुष्कळ. पाठीवर गोण्या वाहणारे हमाल घाटावरचे आणि कोकणातले. एका खोलीत आठ-दहा पुरुष पाळीपाळीने झोपत. खिडकी असलीच तर ती गटाराच्या बाजूला. शहरात सांडपाण्याची नळ योजना झाली होती, पण मांडवीची गटारे कायम तुंबलेली असत.

त्या काळी गल्लीतला डॉक्टर घरी येऊन रुग्णाला पाहत असे. ही गोष्ट आज आपल्याला फार मोठी वाटणार नाही, कारण आपण ती विसरून गेलो आहोत. डॉक्टर घरी आला की तो फक्त नाडी पाहत नाही. जिना चढताना तो वास घेतो. पाणी कुठून भरतात हे त्याला दिसते. चुलीवर काय शिजते आहे, रुग्णाच्या शेजारी कोण झोपते, कोणत्या बाईने तोंडावर पदर ओढून घेतला आणि तिला काही विचारायचे तर कोणाच्या मार्फत विचारावे लागेल, हे त्याला न सांगता कळते. रुग्ण हमाल असेल तर त्याला पंधरा दिवस विश्रांती घ्यायला सांगणे म्हणजे त्याच्या गावी पंधरा दिवस चूल बंद ठेवायला सांगणे, हेही कळते. सोळा वर्षे डॉ. व्हिएगस मांडवीचे हे जिने चढत होते. १८८८ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून आले, तेव्हा सभागृहात नकाशावर दाखवल्या जाणाऱ्या गल्ल्या त्यांनी पायांनी मोजलेल्या होत्या.

सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण आला. जोराचा ताप, ग्लानी, आणि जांघेत गाठ. आजूबाजूला तसेच आणखी काही रुग्ण होते. दोन-चार दिवसांत माणसे मरत होती. एखाद्या मोठ्या इस्पितळात असा एखाद-दुसरा रुग्ण शेवटच्या घटकेला आला असता, तर त्याच्या मृत्यूची नोंद साध्या तापात झाली असती. तसे झालेही असेल. पण मांडवीत राहून ज्याने ही घरे एकापाठोपाठ एक पाहिली होती, त्याला हे वेगवेगळे ताप नाहीत, एकाच रोगाची साखळी आहे हे दिसले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगला प्लेग पसरला होता आणि येर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचे जंतू शोधले होते. हाँगकाँगची जहाजे मुंबईच्या बंदरात लागत होती. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. व्हिएगस यांनी महापालिकेच्या स्थायी समितीत उभे राहून सांगितले की हा प्लेग आहे.

ही बातमी कोणालाच नको होती. प्लेग हा शब्द अधिकृतपणे उच्चारला की परदेशातली बंदरे मुंबईच्या मालाला दरवाजे बंद करणार, कापूस आणि धान्य पडून राहणार. पुढे तसेच झाले. १८९७ साली व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरली ती मुख्यतः मुंबईच्या प्लेगवर. अधिकारी आधी गाठीचा ताप असा आडवळणाचा शब्द वापरत राहिले. डॉ. व्हिएगस यांचे निदान तपासायला तज्ज्ञांची पथके नेमली गेली. कलकत्त्याला पटकीच्या लसीवर काम करणारे हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईला आले. सर्वांचा निर्वाळा एकच आला. गल्लीतल्या डॉक्टरचे बरोबर होते.

इथपर्यंतची हकीकत अनेक ठिकाणी छापून आली आहे. मला जी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते ती यानंतर सुरू होते.

निदान बरोबर झाले, मग रुग्ण वाचायला हवे होते. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेच्या आयुक्तांनी हुकूम काढला. प्लेगचा संशय आला की रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात न्यायचे, तो राजी असो वा नसो. कागदावर हुकूम शहाणपणाचा होता. रोग पसरू नये म्हणून रुग्ण वेगळा ठेवायचा. पण हुकूम काढणाऱ्यांना हा रुग्ण कोण आहे हे माहीत नव्हते.

आर्थर रोडचे इस्पितळ हे साथीच्या रोगांचे इस्पितळ. आज त्याला आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो. त्याच्या आजूबाजूला गिरण्या. गिरण्यांत काम करणारा माणूस कुठला? १८८१ च्या शिरगणतीतच मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली लाखाच्या वर माणसे मोजली गेली होती. म्हणजे तो माणूस चिपळूणचा होता, खेडचा होता, संगमेश्वर-राजापूरचा होता. बायकामुले गावी आणि तो मुंबईत भावकीतल्या माणसांबरोबर एका खोलीत. आजारी पडला तर त्याला पाणी देणारी तीच माणसे. त्यांच्यापासून त्याला तोडून, अनोळखी हातांनी डोलीत घालून, ज्या फाटकातून आत गेलेला माणूस परत येत नाही असे सारी चाळ म्हणते त्या फाटकात न्यायचे. तिथे पाणी कोणाच्या हातचे, अन्न कोणी शिजवलेले, मेल्यावर तोंडात पाणी कोण घालणार आणि अग्नी कोण देणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या माणसांना मिळत नव्हते. मुसलमान कुटुंबाला पडद्यातली बाई परपुरुष तपासणार ही भीती. घरी लहान मूल असलेल्या आईला मूल कोणाकडे राहणार ही भीती.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तावदाने फोडली, इस्पितळाच्या माणसांना मारले. आत डांबून ठेवलेल्या एका बाईला सोडवायला ते आले होते असे सांगितले जाते. दुसऱ्याच दिवशी सरकारला हुकूम सैल करावा लागला. मारहाण वाईटच. ज्यांना मार बसला ते तिथे रात्रंदिवस राबणारे नोकर होते. पण या दंगलीला केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देणे मला कधी पटले नाही. ती आपल्याच जिल्ह्यातली माणसे होती म्हणून म्हणत नाही. त्यांना कोणी काही विचारले नव्हते, एवढेच म्हणतो.

इस्पितळात माणसे मरत होती हे खरेच होते. प्लेगवर तेव्हा औषध नव्हते. गाठीच्या प्लेगात दहांपैकी सहा-सात माणसे जात. अशा वेळी इस्पितळ काय देऊ शकते? स्वच्छ बिछाना, वेळेवर पाणी आणि पातळ अन्न, हृदयाला आधार देणारी औषधे, गाठ फुटल्यावर जखमेची निगा. हे लवकर मिळाले तर दहांतला आणखी एखादा वाचतो. पण लोक भीतीने रुग्ण लपवत. माळ्यावर, कपाटात, गोण्यांच्या मागे. तो सापडे तेव्हा शेवटचा श्वास घेत असे. इस्पितळात पोहोचल्यावर काही तासांत तो मरे. मग चाळीत बातमी जाई की इस्पितळात नेले आणि मारले. मग पुढच्या घरात रुग्ण आणखी खोल लपवला जाई. या चक्रात इस्पितळाचे डॉक्टर प्रामाणिक होते की नाही, हुशार होते की नाही, याला फारसा अर्थ उरला नव्हता.

माणसे पळू लागली. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. आगबोटी भरभरून कोकणात येऊ लागल्या. आपल्याकडची माणसे दाभोळच्या खाडीतून वर गोवळकोटच्या धक्क्यावर उतरत आणि पुढे पायी गावोगाव जात, कुंभार्लीच्या पायथ्यापर्यंत. तेव्हा पोफळी म्हणजे डोंगराच्या कुशीतले एक लहान गाव. कोयनेचे वीजघर आणि त्यासाठी अनेक प्रांतांतून आलेले आपले आजोबा-वडील यायला अजून साठ वर्षे अवकाश होता. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावाच्या वेशीवर अडवले गेले, शाळेत वेगळे ठेवले गेले, ते आपण डोळ्यांनी पाहिले. इस्पितळात गेलेल्या माणसाचे तोंडही न बघायला मिळाल्याचे दुःख आपल्यातल्या काही घरांना ठाऊक आहे. १८९७ समजायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

पुण्यात तर परिस्थिती आणखी बिघडली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांनी घरे तपासायला गोरे सोजीर पाठवले. देवघरापर्यंत, बायकांच्या खोल्यांपर्यंत ते शिरले. पुढे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ते सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे ते हे की ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांवर जाहीरपणे लिहिले आणि तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने वारल्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत होत्या, आणि मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी उचलून आणले होते. त्या वस्तीत दुसरे कोणीही गेले असते तर दार उघडले नसते.

मुंबईत मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. तिचा कारभारही कडकच होता, पण तिने एक गोष्ट ओळखली. वेगवेगळ्या समाजांना आपापली इस्पितळे काढायला तिने परवानगी आणि उत्तेजन दिले. पारशांचे, जैनांचे, खोजांचे, मेमनांचे, मराठ्यांचे, अशी इस्पितळे उभी राहिली. तिथे स्वयंपाक आपल्या पद्धतीचा, नातेवाइकाला जवळ बसायची मुभा, मेल्यावर आपल्या रिवाजाने शेवट. औषधे तीच, डॉक्टरही पुष्कळदा तेच. पण आता लोक रुग्णाला स्वतःहून आणू लागले आणि लवकर आणू लागले. एवढ्याने चित्र बदलले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जातवार इस्पितळे ही काही अभिमानाने सांगायची बाब नाही. ज्यांच्या समाजात शेठ होते त्यांचे इस्पितळ झाले. ज्यांच्यात शेठ नव्हते, जे गटारे साफ करत होते आणि प्रेते वाहत होते, त्यांनी कुठे जावे? त्यांच्यासाठी ते सरकारी फाटकच उरले. रुग्णाची पार्श्वभूमी ओळखणे आणि रुग्णाला त्याच्या जातीच्या खान्यात टाकून देणे या दोन गोष्टींतले अंतर त्या काळच्या मुंबईने नीट पाळले नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक गेले आणि पुन्हा मोठी दंगल झाली. म्हणजे दीड वर्षानंतरही सरकारी पथकाला दार कसे ठोठवावे हे पुरते कळले नव्हते.

या सगळ्या धुमाळीत डॉ. व्हिएगस काय करत होते? ते मांडवीत आणि आसपासच्या वस्त्यांत रुग्ण पाहत होते. प्लेग कसा लागतो हे तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हते. उंदराच्या अंगावरच्या पिसवा तो माणसात आणतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे या दीड-दोन वर्षांत डॉ. व्हिएगस ज्या खोलीत शिरत होते, तिथून आपण धडधाकट बाहेर पडू की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. घाणेरड्या वस्त्या साफ करा, उंदरांचा बंदोबस्त करा, असे ते महापालिकेत घसा कोरडा करून सांगत राहिले. उंदीर मरून पडायला लागले की माणसे मरायला लागतात, ही गोष्ट वखारीतल्या लोकांमध्ये वावरणाऱ्याला शास्त्रज्ञांच्या आधी खटकणे साहजिक आहे.

हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस तयार होणे एक आणि लोकांनी ती टोचून घेणे दुसरे. सुईबद्दल नाना अफवा होत्या. सुईने बाटवतात, सुईने वांझ करतात, सुईनेच प्लेग होतो. खोजा समाजाचे तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या समाजाची भीती गेली. डॉ. व्हिएगस यांच्यामागे कोणताही असा समाज हात जोडून उभा नव्हता. त्यांच्यामागे फक्त सोळा वर्षांचे जिने होते. त्यांनी स्वतः सुमारे १८,००० माणसांना लस टोचली अशी नोंद आहे. दिवसाला पन्नास म्हटले तरी वर्षभराचे काम होते. मला या आकड्यात त्यांचे निदान केल्याच्या कीर्तीपेक्षाही मोठी गोष्ट दिसते. ज्या शहरात सरकारी डॉक्टर दिसला की आई मुलाला पदराखाली लपवत होती, त्याच शहरात अठरा हजार माणसांनी या एका माणसापुढे दंड उघडा केला. याने आपल्या सासूला पाहिले होते, आपले बाळंतपण केले होते, याला आपले घर ठाऊक आहे, एवढा त्याला आधार होता.

पार्श्वभूमी ठाऊक असण्याचा उलटा उपयोगही त्या काळी झाला, तो लपवून चालणार नाही. प्लेग हा घाणीत राहणाऱ्यांचा रोग आहे असे अधिकाऱ्यांनी ठरवले आणि गरिबांच्या घरांवर यू. एच. एच. अशी अक्षरे रंगवली. म्हणजे हे घर माणसाने राहण्याजोगे नाही. कौले काढून छपरे उघडी केली, सामान जाळले, गटारांत कार्बोलिक ओतले. १८९८ साली सुधारणा ट्रस्टचा कायदा झाला आणि जुन्या चाळी पाडून रुंद रस्ते काढले गेले. रस्ते चांगले झाले. पण चाळीतून उठवलेला हमाल गोदीपासून लांब राहू शकत नव्हता, त्याची मजुरीच तिथे होती. तो शेजारच्या चाळीत शिरला आणि तिथे आठाच्या जागी बारा झाले. घर राहण्याजोगे नाही हे लिहिणाऱ्याने, मग तो माणूस तिथे का राहतो, हे विचारले नव्हते.

ही जुनी गोष्ट वाचताना मला माझे वडील आठवतात. बारा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांना हृदयाच्या त्रासासाठी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेले होते. उपचार उत्तम झाले, त्यात उणे काढणार नाही. दाखल करताना कागदावर पत्ता भाच्याचा घातला, तो मुंबईचा. घरी सोडताना तरुण डॉक्टरांनी सांगितले की दर मंगळवारी तपासायला या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस ठरवावा लागेल. वडिलांनी मान हलवली. त्यांच्या पिढीची माणसे डॉक्टरांपुढे मानच हलवतात. दर मंगळवारी म्हणजे पोफळीहून चिपळूण, चिपळूणहून रेल्वे, दादरला रात्र काढणे आणि परत. दोन मंगळवार ते गेले. तिसऱ्यापासून गोळी अंदाजाने घेऊ लागले आणि आम्हाला कोणालाच सांगितले नाही. महिन्याभराने नाकातून रक्त वाहू लागले तेव्हा उलगडा झाला. चिपळुणात ती तपासणी होऊ शकत होती. कोणी विचारले असते की आजोबा, तुम्ही राहता कुठे, तर एका वाक्यात काम झाले असते. वडील वाचले, पण त्यानंतर ते इस्पितळ म्हटले की तोंड फिरवत. त्या डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर रांगेत आणखी शंभर माणसे होती.

पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचा ताप येतो, त्याचीही हीच गोष्ट. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला तो होतो. आपल्या भागातला जाणता डॉक्टर जुलैमध्ये ताप घेऊन आलेल्या माणसाच्या आधी पायांकडे पाहतो. टाचांना भेगा आहेत का, लावणीला गेला होतास का, हे विचारतो आणि शंका आली की औषध लगेच सुरू करतो. लवकर सुरू झाले तर साध्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंडे निकामी होतात, कावीळ होते. शहरात नव्याने शिकून आलेल्या डॉक्टरलाही लेप्टो पुस्तकातून ठाऊक असतो. पण समोर बसलेल्या माणसाने काल भात लावले हे पुस्तकात नसते, आणि आपली माणसे ते आपणहून सांगत नाहीत. शेतात गेलो होतो यात सांगण्यासारखे काय, असे त्यांना वाटते. इस्पितळात गेल्यावर आपण काय काम करतो, कुठे राहतो, घरी कोण आहे, पुढच्या वेळी येणे परवडेल का, हे न विचारताही सांगून टाकावे, असे मी आता घरातल्या मुलांना बजावतो.

डॉ. व्हिएगस १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. साथ ओसरली तरी प्लेग गेला नव्हता. दर हिवाळ्यात तो परत येई, आणि पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. अध्यक्षपदावरून आणि सभासद म्हणून त्यांनी ज्या गोष्टी लावून धरल्या त्यांत सर्वांना सक्तीचे शिक्षण होते आणि सार्वजनिक दवाखान्यांत बाळंतपणाची सोय व्हावी हेही होते. मांडवीच्या काळोख्या खोल्यांत त्यांनी बाळंतिणी कशा अवस्थेत पाहिल्या असतील, हे त्यामागे आहे असे मला वाटते.

१९३३ साली ते वारले. त्यांनी आयुष्यभर ज्या रोगाशी झुंज दिली त्यावर त्यांच्या हयातीत खात्रीचे औषध निघाले नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, आणि त्यानंतर प्लेगचा रुग्ण वेळेवर आला तर बहुतेक करून बरा होऊ लागला. १९९४ साली सुरतेला प्लेगची आवई उठली आणि आपणही तोंडाला रुमाल बांधून फिरलो, तेव्हा औषध दुकानांत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळत होत्या. डॉ. व्हिएगस यांच्या पिशवीत त्यांपैकी काहीच नव्हते.

पुतळा मेट्रोच्या समोर अजून उभा आहे. धोबीतलाव हा गोवेकर खलाशांचा आणि स्वयंपाक्यांचा भाग. गावोगावच्या त्यांच्या कुडी तिथे होत्या, काही अजून आहेत. बोटीवरून उतरलेला, तापाने फणफणलेला माणूस कुडीत पथारीवर पडला की त्याच्यासाठी डॉक्टर बोलवायला कोणीतरी तिथूनच निघत असे. पुढच्या वेळी त्या चौकात बस थांबली तर खिडकीतून डावी-उजवीकडे पाहा आणि पुतळ्याखालचे नाव वाचा.